पराशा निवडायची नसते: पहिल्यांदाच वाचू लागणाऱ्यांसाठी

दाविद राहाबी हा बाहेरून आलेला ज्यू कोकणात आला तेव्हा बेने इस्राएलांजवळ, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंजवळ, तोरा हा आपला मूळ धर्मग्रंथ नव्हता. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, ग्रंथ बुडाले, माणसं वाचली, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हिब्रू विसरली गेली होती. उरलं होतं ते शेमा (देव एकच, ही प्रार्थना), मुलाची आठव्या दिवशीची सुंता आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याची रीत, जिच्यामुळे गावाने आम्हाला 'शनवार तेली' म्हटलं. ही माणसं खरंच आपली का, हे ताडून बघायला राहाबीने बायकांपुढे मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पंख आणि खवले असलेली मासळी घेतली, बाकीची बाजूला सारली. ही आमच्यात खात नाहीत, म्हणाल्या. राहाबीला उत्तर मिळालं.

तो नियम तोरातल्या वायिक्रा या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात आहे, शेमिनी नावाच्या पराशेत. पराशा म्हणजे तोराचा एका आठवड्याचा वाचनभाग. त्या बायकांनी ती कधी वाचली नव्हती, पण त्यांच्या विळीला ती पाठ होती.

आज बरोबर उलटं झालंय. पुस्तक फोनमध्ये आहे, शुक्रवारी दुपारपासून 'या आठवड्याची शिकवण' अशी चित्रं येऊन पडतात, आणि विळीपर्यंत काही पोचत नाही. पराशा वाचायची असेल तर ती अशी वाचावी की आठवड्याच्या शेवटी घरातली एखादी गोष्ट जागची हललेली असेल, एवढंच मला सांगायचंय. कसं वाचायचं ते खाली टप्प्याटप्प्याने लिहिलंय. आमच्यातली जी मुलं ठाण्या-मुंबईत किंवा इस्राएलात अश्दोद-लोदला वाढली आणि ज्यांना पराशेचं फक्त नाव ऐकून माहीत आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः. ज्यू नसलेल्या वाचकालाही वाचायला कुणाची ना नाही.

आधी कोणती पराशा चालू आहे ते बघा

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं: बेरेशीथ, शेमोथ, वायिक्रा, बामिदबार, देवारीम. मराठी बायबलात हीच उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. त्यांचे मिळून ५४ भाग केलेत, एकेक भाग म्हणजे एकेक पराशा. सिम्हाथ तोराच्या सणाला शेवटची पराशा संपते आणि त्याच दिवशी, त्याच बैठकीत, पुन्हा 'प्रारंभी' पासून वाचन सुरू होतं. मध्ये एका दिवसाचीही मोकळीक नाही.

पराशेचं नाव तिच्या सुरुवातीच्या एखाद्या शब्दावरून पडतं, म्हणून नावावरून विषय ओळखायला जाऊ नका. दहा आज्ञा जिच्यात पहिल्यांदा येतात त्या पराशेचं नाव 'यिथ्रो', म्हणजे मोशेचा सासरा, आणि तो तर मिद्यानचा पुजारी!

ज्यू पंचांग चंद्रावर चालतं आणि हंगाम चुकू नयेत म्हणून १९ वर्षांत ७ वेळा एक महिना वाढवतं. आपल्या अधिक मासाचंच गणित म्हणा; फक्त वाढीव महिना तिथे ठरलेला, दर वेळी अदारच दोनदा येतो. साध्या वर्षात शब्बाथ, म्हणजे शनिवारचे विश्रांतीचे दिवस, कमी पडतात, म्हणून काही पराशा जोडीने वाचतात: ताझरिया आणि मेत्सोरा, बेहार आणि बेहुकोथाय, मातोथ आणि मासे. जोडीचा आठवडा आला की वाचायला दुप्पट, तेवढी तयारी ठेवा.

एक गोष्ट ठाऊक नसली तर उगाच भांडण होतं. इस्राएलमध्ये पेसाह (इजिप्तमधून सुटकेचा सण) सात दिवसांचा, बाहेर आठ. आठवा दिवस शब्बाथला आला की इथे सणाचं वाचन होतं आणि तिथे नेहमीची पराशा पुढे सरकते. मग काही आठवडे अश्दोदची मावशी आणि ठाण्याचा भाचा वेगवेगळी पराशा वाचत असतात आणि दोघांना वाटतं समोरचा चुकला. हिबकॅलसारख्या पंचांगाच्या संकेतस्थळावर 'इस्राएल' की 'इस्राएलबाहेर' असा पर्याय असतो. तो आधी नीट लावा.

या पायरीवर करायचं एवढंच: जी पराशा चालू असेल ती घ्या, सोपी वाटते म्हणून दुसरी घेऊ नका. वर्षाच्या मध्यावर असाल तर मध्यावरूनच सुरू करा. 'आधी उत्पत्ती पूर्ण करतो मग येतो' म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत, ते नोहाच्या तारवापाशी थांबलेले असतात. आणि निवड हातात राहिली की माणूस मनासारखं तेवढंच वाचतो. जिथे जरा बोचेल तिथे जात नाही.

पुस्तक कुठलं घ्यावं

हिब्रू आणि भाषांतर समोरासमोर असलेलं हुमाश, म्हणजे छापील तोरा, मिळालं तर उत्तम, पण ते बहुधा इंग्रजीत मिळेल. मराठीत वाचायचं तर बायबल सोसायटीचं भाषांतर हाच आमच्या आजी-आजोबांचा आधार होता आणि अजूनही आहे. ते ख्रिस्ती मंडळींनी आपल्या वाचकांसाठी केलंय, तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. अध्यायांच्या मधले मथळे आणि तळटीपा मूळ ग्रंथातल्या नाहीत, त्या सोडून द्या. दुसरं, वचनांचे आकडे काही ठिकाणी हिब्रूशी जुळत नाहीत. वायिश्लाह पराशा हिब्रूत ३२व्या अध्यायाच्या ४थ्या वचनापासून सुरू होते. मराठी बायबलात तेच वचन बहुधा ३रं असतं. एखाद्या आकड्याचा फरक दिसला की गोंधळू नका, मजकूर बघा.

हिब्रू मूळ आणि टीका, म्हणजे भाष्यं, बघायच्या असतील तर सेफारिया हे संकेतस्थळ फुकट आहे. फोनवर वाचायची सवय असली तरी शब्बाथचा भाग शुक्रवारीच कागदावर छापून ठेवा किंवा पुस्तक काढून ठेवा. ज्या घरात शब्बाथ पाळतात तिथे त्या दिवशी फोन उघडत नाहीत, पेनही धरत नाहीत.

सात दिवसांचे सात घास

शब्बाथच्या सकाळी पराशा सात भागांत वाचतात आणि प्रत्येक भागासाठी एकेकाला वर बोलावतात. त्याला अलिया म्हणतात. हीच वाटणी घरी वापरा: रविवारी पहिली अलिया, सोमवारी दुसरी, असं करत शब्बाथला सातवी. रोज वीसेक वचनं येतात, चहा निवेपर्यंत होतात.

तालमूदमध्ये, म्हणजे धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, जुना नियम आहे: पराशा दोनदा मुळात आणि एकदा भाषांतरात वाचावी. तिथे भाषांतर म्हणजे ओंकेलोसचं अरामी. ज्याला हिब्रू येत नाही त्याने उदास होऊ नये. मी नवख्यांना सांगते, मराठीत एकदा मोठ्याने वाचा आणि एकदा मनात. मोठ्याने वाचताना जीभ जिथे अडखळते तिथे बहुतेक वेळा काहीतरी पुरलेलं असतं.

सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही सभास्थानात पुढच्या पराशेचा थोडा भाग वाचतात. याचं कारण तालमूद बेशालाह पराशेतून काढतं. समुद्र ओलांडल्यावर लोक तीन दिवस पाण्याविना चालले आणि कुरकुरू लागले. पाणी म्हणजे तोरा, म्हणून तीन दिवस तोराविना जाऊ देऊ नयेत. एखादा दिवस चुकला तर चुकला, सलग तीन चुकवू नका.

आणि टीका नंतर वाचा. आधी मजकूर, मग स्वतःचा प्रश्न, मग राशी. (हा राशी मेष-वृषभातला नव्हे. रब्बी श्लोमो यित्सहाकी या नावाची आद्याक्षरं जोडून झालेलं नाव, फ्रान्समधल्या त्र्वा गावचा, १०४० ते ११०५.) राशी बहुतेक वेळा तुमच्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो, पण प्रश्न सांगत नाही. प्रश्न तुमच्याजवळ नसेल तर उत्तर नुसतं चमत्कारिक वाटतं.

एक आठवडा करून बघू: वायेरा

नियम सांगून पराशा कळत नाही, म्हणून एक पूर्ण आठवडा घेते. वायेरा बेरेशीथमधली चौथी पराशा, १८ ते २२ हे अध्याय. बहुधा दिवाळीच्या मागेपुढे येते. फराळाचे डबे इकडून तिकडे चाललेले असतात, आणि पराशाही पाहुण्यांचीच आहे.

*रविवार (१८:१–१४).* ऐन दुपारी, उन्हाच्या कडाक्यात अब्राहाम तंबूच्या दाराशी बसलाय. परंपरा सांगते की सुंतेला तिसरा दिवस आहे, वय ९९, जखम दुखतेय. तीन अनोळखी माणसं दिसतात आणि तो धावत जातो. त्यांना म्हणतो, थोडं पाणी आणतो, भाकरीचा तुकडा आणतो. आणि आणतो काय? तीन मापं सपीठाच्या भाकरी, दही, दूध, कोवळं वासरू. तालमूद यावरून सांगतं की सज्जन थोडं बोलतात आणि पुष्कळ करतात. आपल्याकडे 'या कधीतरी जेवायला' म्हणायची जी पद्धत आहे, तिच्याशेजारी हे ठेवून बघा.

माझ्या आईची अडचण दुसरीच होती. "दूध आणि मटण एकाच पानात? अब्राहाम झाला म्हणून काय झालं?" आमच्या घरात मटणाच्या रश्शात दूध-दही कधी पडलं नाही, नारळाचं दूध पडलं. टीकाकारांनाही हा प्रश्न पडलाय. कुणी म्हणतं तेव्हा तोरा दिलीच नव्हती, कुणी म्हणतं आधी दूध दिलं आणि मग मांस, आणि तो क्रम आजही चालतो. स्वयंपाकघरातून पडलेला प्रश्न अडाणी नसतो. तो विचारायला लाजू नका.

त्याच भागात आणखी एक बारीक जागा आहे. मूल होणार हे ऐकून सारा मनाशी हसते आणि म्हणते, माझा धनी म्हातारा झालाय. देव अब्राहामाला सांगतो, सारा हसली, म्हणाली मी म्हातारी झालेय. वाक्य बदललं! १२वं आणि १३वं वचन शेजारी ठेवून वाचा. तालमूद म्हणतं की घरातल्या शांतीसाठी देवानेसुद्धा शब्द बदलून सांगितला. निरोप पोचवताना 'सासूबाई अशा म्हणाल्या' हे जसंच्या तसं पोचवायलाच हवं का, याचं उत्तर मिळालं. तेही पहिल्याच चौदा वचनांत.

*सोमवार (१८:१५–३३).* अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान माणसं असली तर सदोम वाचवशील? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? दहा? ज्यांच्यासाठी तो भांडतोय त्यांच्यापैकी त्याचा पुतण्या सोडला तर कुणी त्याचं नव्हे. वाचताना एवढंच टिपून ठेवा की हा माणूस देवाशी वाद घालू शकतो. शब्बाथला लागेल.

*मंगळवार, बुधवार (१९:१–२१:४).* हा भाग कठीण आणि लांब आहे. लोटही पाहुण्यांना घरी आणतो, पण दाराशी जमाव आल्यावर त्यांच्या बदल्यात स्वतःच्या मुली द्यायला निघतो. इथे शिकवण शोधायची घाई करू नका. वाईट वाटतंय ते बरोबरच वाटतंय. तोरातल्या प्रत्येक माणसाचं अनुकरण करायचं नसतं. मुलांना वाचून दाखवत असाल तर हा भाग आधी एकट्याने वाचा.

*गुरुवार (२१:५–२१).* हागार आणि तिचा मुलगा रानात, पाणी संपलंय. ती मुलाला झुडपाखाली ठेवते आणि लांब जाऊन बसते, कारण त्याचं मरण बघवत नाही. देव मुलाचा आवाज ऐकतो, 'तो जिथे आहे तिथे'. राशी इथे तालमूदचा आधार घेऊन सांगतो की त्याला आत्ताच्या घडीला तो जसा आहे तसं जोखलं, पुढे तो काय होईल त्यावरून नाही. ज्यांच्या घरात एखादा मुलगा 'पुढे हा काय दिवे लावणार' या वाक्याखाली वाढतोय त्यांनी हे वचन फ्रिजवर चिकटवावं.

*शुक्रवार (२१:२२–३४).* राजा अबिमेलेख करार करायला येतो. अब्राहाम हो म्हणतो, पण आधी विहिरीचा विषय काढतो: तुझ्या माणसांनी माझी विहीर बळकावली. मग सात मेंढ्या देऊन विहीर कुणाची ते पक्कं करतो, आणि त्या जागेचं नाव पडतं बेरशेबा. आज त्या बेरशेबात आमच्यातली पुष्कळ मराठी घरं आहेत. भावा-भावांत जमिनीचा सलोखा करताना 'जाऊ दे, जुनं कशाला उकरायचं' म्हणतात ना? अब्राहामाने जुनं आधी उकरलं, सलोखा मग केला.

*शब्बाथ (अध्याय २२).* अकेदा. अब्राहाम इसहाकाला वेदीवर बांधतो. सदोमसाठी सहा वेळा घासाघीस करणारा माणूस इथे वादाचा एक शब्द बोलत नाही. का? माझ्याजवळ उत्तर नाही, आणि मी ते शोधायचं सोडून दिलेलं नाही. पहिल्या वर्षी तरी अकेदातून शिकवण काढू नका. वाचा आणि तसंच राहू द्या.

यानंतर नबींच्या ग्रंथांतला उतारा येतो, हाफ्तारा. वायेराची हाफ्तारा अलीशाची: कर्जबाजारी विधवेच्या घरात तेलाचं एकच भांडं, आणि शेजारपाजारची मागून आणलेली सगळी भांडी भरेपर्यंत ते संपत नाही. तेल विकून ती कर्ज फेडते आणि उरलेल्यावर मुलांना पोसते. शनवार तेल्यांच्या लेकींना ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

मग काय करायचं ते ठरवा, पण एकच

आता मुद्द्याची पायरी. आठवड्यातून एकच कृती निवडा आणि तिला तीन चाळण्या लावा. पुढच्या शब्बाथच्या आत होण्याजोगी असावी. तिच्यात दुसरा एखादा माणूस असावा. आणि ती केल्याचं कुणाला सांगावं लागू नये. 'मी अधिक दयाळू होईन' हे पहिल्याच चाळणीत अडकतं.

वायेरापुरतं बोलायचं तर दारावर पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाला 'पाणी घेणार का?' असं विचारू नका. विचारलं की तो नाहीच म्हणतो. पेला हातातच घेऊन दार उघडा. अब्राहामाने विचारलं नव्हतं, 'आणतो' म्हटलं होतं.

इतर पराशांतली काही सांगते, म्हणजे अंदाज येईल.

केदोशीममध्ये (वायिक्रा १९:१३) आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. आमच्या ओळखीत एक घर आहे, देवधर्मात कडक, आणि कामवाल्या मावशींचा पगार कायम 'सुटे नाहीत, उद्या देते'. आता तर फोनवरून देता येतो, सुट्यांचाही बहाणा राहिला नाही.

बेहारमध्ये (वायिक्रा २५:१७) 'एकमेकांना दुखवू नका' असं वाक्य आहे. मिश्नाने (तालमूदचा जुना गाभा) त्याला बाजारात आणून सोडलंय: विकत घ्यायचं नसेल तर भाव विचारू नये. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले, कारण आम्ही बायका भाजीबाजारात दुसरं काय करतो? पण विक्रेत्याची आशा लावायची आणि पुढे जायचं, ही सुद्धा फसवणूकच, असं तिथे म्हटलंय. दुकानात जाऊन तासभर मिक्सर उघडून बघायचा आणि घरी येऊन तोच ऑनलाइन मागवायचा, हेही त्यातच धरा.

की थेत्सेमध्ये थैलीत दोन वजनं ठेवू नका, एक जड एक हलकं, असं आहे. आणि नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधा, असंही. कठड्याच्या आठवड्यात घरात फिरून बघा: सैल झालेली खिडकीची जाळी, उघडी वायर, न्हाणीघरातली शेवाळलेली फरशी. सुताराला फोन करणं ही त्या आठवड्याची तोरा.

वायिक्रात सोडू नका

बेरेशीथच्या गोष्टी, शेमोथमधला समुद्र आणि सीनाय संपलं की मंडपाची मापं सुरू होतात, आणि मग वायिक्रा: होम, रक्त, चरबी, त्वचेवरचे डाग. मार्च-एप्रिलच्या सुमारास बहुतेक नवे वाचक इथे गळतात. मला मात्र हेच पुस्तक सगळ्यांत घरगुती वाटतं.

दुसराच अध्याय बघा, पीठ आणि तेलाच्या अर्पणाचा. बैल परवडतो तो बैल आणतो, कबुतर परवडतं तो कबुतर. मूठभर पीठ आणतो तो सगळ्यांत गरीब. पण 'जीव' हा अर्थ असलेला 'नेफेश' शब्द तोरा त्या पीठवाल्यासाठी वापरते, आणि तालमूद म्हणतं की त्याने जणू आपला जीवच वाहिला. आमच्यातले काहीजण मलिद्याचं, म्हणजे आमच्या नवसाच्या ताटाचं, मूळ या पीठाच्या अर्पणात शोधतात. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, फळं आणि एलियाहू हन्नाबी या नबीची आठवण. ते मूळ खरं असो वा नसो, हा अध्याय मलिद्याच्या ताटासमोर बसून वाचला की परका राहत नाही.

ताझरिया-मेत्सोरामध्ये त्साराथ नावाचा रोग आहे. मराठी बायबलात त्याला कोड किंवा महारोग म्हटलेलं असतं, त्याने मोठाच गैरसमज होतो. हा रोग कपड्याला आणि घराच्या भिंतीलाही होतो, तेव्हा वैद्यकातला कुष्ठरोग नव्हेच. ज्यांना खरोखर तो आजार झाला त्यांना या पानांनी फार छळलंय, हेही वाचताना विसरू नये. तालमूदने 'मेत्सोरा' हा शब्द फोडून 'मोत्सी शेम रा' असा वाचला: दुसऱ्याचं नाव वाईट करणारा. म्हणून त्या दोन पराशांचा आठवडा जिभेचा. आमच्या घरी त्या आठवड्यात जेवताना हजर नसलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाही असं एकदा ठरवलं. पहिल्या दिवशी जेवण दहा मिनिटांत आटोपलं, बोलायला विषयच उरला नाही.

सभास्थानात जाल तेव्हा

ठाण्याला शाआर हाशामाईम, पुण्याला लाल देऊळ, अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन आवोथ, मुंबईत जेकब सर्कलला मागेन हसीदीम. जुनी माणसं अजून सभास्थानाला 'मशीद' म्हणतात. मांडवीची सर्वांत जुनी, १७९६ची शाआर हारहामीम, तिला 'जुनी मशीद' म्हणत. आधी फोन करून जा, ओळखपत्र जवळ ठेवा. बऱ्याच ठिकाणी दाराशी चौकशी होते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पुरुषांनी डोकं झाकावं.

सेफेर, म्हणजे चामड्यावर हाताने लिहिलेली तोरा, हेखालातून (तोरा ठेवायच्या कपाटातून) बाहेर काढली की सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. तिच्यात स्वरचिन्हं नाहीत, विराम नाहीत, वचनांचे आकडे नाहीत. वाचणारा ते सगळं पाठ करून येतो, सूरही. पुस्तकात बोट ठेवून चालायला घ्या आणि हरवलात तर शेजारच्याला विचारा. सगळे कधी ना कधी हरवलेले असतात.

सेफेरमधून वाचायला मिन्यान लागतो, आमच्या रीतीप्रमाणे दहा पुरुष. कोकणातल्या कितीतरी सभास्थानांत आता सणावारीच दहा जमतात. दहाचा आकडा आला कुठून? शेलाह लेखा पराशेतून. मोशेने बारा हेर पाठवले, त्यांतले दहा घाबरून परत आले आणि लोकांना घाबरवलं. देव त्या दहांना 'मंडळी' म्हणतो. म्हणजे मंडळी मोजायचं माप चुकलेल्या दहा माणसांवरून घेतलंय. 'माझ्यासारख्याने येऊन काय होणार' असं वाटत असेल तर हे आठवा आणि जा. कदाचित दहावे तुम्हीच असाल. मिन्यान झालाच नाही तर सेफेर बाहेर निघत नाही, पण हुमाशमधून पराशा वाचता येते.

आमच्यातल्या एलियाहूच्या भक्तांसाठी एक जास्तीची खूण. पिन्हास पराशेची हाफ्तारा एलियाहूची आहे, होरेब डोंगरावरची, वारा आणि भूकंप आणि आग जाऊन शेवटी हळुवार आवाज येतो ती. पण बहुतेक वर्षी पिन्हास १७ तम्मूझच्या उपासानंतर येते, आणि मग तिच्या जागी यिर्मयाची वाचतात. ज्या वर्षी आधी येईल ते वर्ष चुकवू नका.

सकाळचं वाचन झालं की लोक घरी जातात, जेवतात, झोपतात. नवीन माणसाला वाटतं, झालं. तसं नाही. शब्बाथला दुपारी मिन्हाच्या प्रार्थनेत सेफेर पुन्हा निघतो आणि पुढच्या आठवड्याच्या पराशेची सुरुवात वाचतात. वायेराच्या शब्बाथला दुपारी येते ती हाये सारा, आणि तिचं पहिलंच वाक्य आहे की सारा १२७ वर्षं जगली आणि वारली. सकाळी इसहाक लाकडांवर बांधलेला होता. अब्राहाम त्याला घेऊन गेला तेव्हा साराला काय सांगून निघाला, हे तोरा कुठेच सांगत नाही. राशी एवढंच लिहितो की साराचं मरण अकेदाला लागून ठेवलंय, कारण ती बातमी कानावर पडली आणि तिचा जीव गेला. घरी एकट्याने वाचताना या दोन पराशांच्या मध्ये आठवडा जातो आणि ते लक्षातही येत नाही. मिन्हाला थांबलात तर दोन्ही एकाच दिवशी ऐकाल.